झिंक ऑक्साइडच्या फिल्मवर सोडियम आणि क्लोरीन: समुद्रातून, काचेतून की बोटातून?

सडा_आणि_खाडी:
नमस्कार मंडळी. रत्नागिरी तालुक्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या लॅबच्या खिडकीतून समुद्र दिसतो, इतके जवळ आहोत. या वर्षी एमएस्सीच्या दोघा मुलांनी प्रोजेक्टला स्प्रे पायरोलिसिसने काचेवर झिंक ऑक्साइडच्या थिन फिल्म केल्या. झिंक ॲसिटेटचं पाण्यातलं द्रावण, त्यात थेंबभर ॲसिटिक ॲसिड, साधी मायक्रोस्कोपची स्लाइड ४२५ डिग्रीला तापवलेली, आणि फवारायला कॉम्प्रेसरची हवा. फिल्म मस्त चिकटली आहे, कापडाने पुसून जात नाही. उजेडात तिरकी धरली की मधोमध निळसर जांभळी झाक दिसते आणि कडेला पिवळट.

आता अडचणी. एक्सआरडीत (एक्सरे पाडून स्फटिक ओळखायची तपासणी) काचेचा तो नेहमीचा रुंद उंचवटा आणि ३४.४ अंशाला एक बारकीशी टेकडी, बास. मुलांचे चेहरे उतरले. मग ओळखीने एका फिल्मचं एक्सपीएस (पृष्ठभागावर कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी तपासणी) करून मिळालं तर रिपोर्टमध्ये झिंक, ऑक्सिजन, कार्बन यांच्याबरोबर सोडियम आणि क्लोरीन. आम्ही क्लोराइड कुठेच वापरलेलं नाही. स्टाफरूममध्ये तीन पक्ष पडलेत. एक म्हणतो खारं वारं, एक म्हणतो काचेतलं सोडियम वर आलं, आणि लॅब असिस्टंट म्हणतात पोरांनी घामट हाताने धरल्या असणार. तुमच्यापैकी कुणी असल्या कामात असेल तर सांगा, नेमकं कसं शोधायचं? आणि एक्स्टर्नल परीक्षक हार्डनेस विचारतात, तर आमच्याकडचं व्हिकर्सचं मशीन (हिऱ्याचं टोक दाबून पडलेला खळगा मोजणारं) चालेल का?

वाफाळलेला:
पहिलाच. चहा घेऊन बसलोय, चालू द्या.

कातळखोद:
मॅडम, मी घाटावर, कोल्हापुरात पीएचडी करतोय, मूळचा राजापूरचा. मुलांना सांगा तोंड पाडू नका, फिल्म आहे. साध्या थीटा-टू थीटा स्कॅनमध्ये (किरण आणि डिटेक्टर यांचे पृष्ठभागाशी कोन कायम सारखे ठेवून) एक्सरे आत काचेत मायक्रॉनच्या हिशेबात शिरतात आणि तुमची फिल्म असेल शे-दोनशे नॅनोमीटर, मग सिग्नल काचेचाच मिळणार. ग्रेझिंग इन्सिडन्स करून घ्या. किरण पृष्ठभागाला जेमतेम १ अंशाने पाडायचा आणि फक्त डिटेक्टर फिरवायचा. भाताचा कुणगा सरळ ओलांडला तर चार पावलांत पलीकडचा बांध येतो, तोच तिरका कापत गेलात तर बराच वेळ चिखलातच चालता, तसं आहे हे. १ अंशाला किरणाची फिल्ममधली वाट जाडीच्या ५७ पट होते, अर्ध्या अंशाला ११५ पट.

निर्वात:
@कातळखोद, सल्ला बरोबर आहे पण या केसमध्ये जपून. मॅडमना दिसलेली टेकडी ३४.४ ला आहे, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या स्फटिकातल्या ००२ नावाच्या अणूंच्या पातळ्यांची रेघ. पावडरमध्ये ३१.८, ३४.४ आणि ३६.२ अशा तीन रेषा शेजारी शेजारी येतात आणि त्यातली ३६.२ ची सगळ्यात उंच असते. इथे नुसती मधलीच दिसतेय म्हणजे दाणे बहुतेक एकाच दिशेत, स्फटिकाचा सी-अक्ष वर करून उभे राहिलेत. स्प्रेच्या फिल्ममध्ये हे नेहमीचंच. आता थीटा-टू थीटामध्ये पृष्ठभागाला समांतर असलेलीच पातळी दिसतात. ग्रेझिंगमध्ये १ अंश ठेवून ३४.४ ला बघाल तेव्हा तुम्ही साधारण १६ अंश कललेली पातळी बघत असता. दाणे अगदी ताठ उभे असतील तर तिथे ००२ आणखी बारीक होईल आणि मुलं म्हणतील, होतं तेही गेलं!

म्हणून दोन्ही स्कॅन घ्या. साधा स्कॅन फक्त ३० ते ४० अंशांत, पण सावकाश, एकेका पायरीला जास्त वेळ देऊन. आणि शेजारी कोऱ्या स्लाइडचा तसाच स्कॅन. दोन्ही ग्रेझिंगशी ताडून बघितले की दाण्यांची दिशाही कळते. प्रोजेक्टला एक चॅप्टर आयताच मिळाला.

कातळखोद:
मान्य. टेक्स्चरचा, म्हणजे दाण्यांच्या दिशेचा मुद्दा मी लिहायला हवा होता, तुम्ही लिहिलात ते बरं झालं. बाकी जाडीचं बोलायचं तर मॅडमनी रंग दिलाय त्यावरूनच अंदाज येतो. झिंक ऑक्साइडचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स २ च्या आसपास. जाडी १५० नॅनोमीटर धरली तर ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी उजेडाला आरपार जायला सोपं जातं आणि ४०० चा जांभळा जास्तीत जास्त परावर्तित होतो. म्हणून मधोमध निळसर जांभळी. कडेला फवारा कमी पडतो, तिथे १०० च्या आसपास असेल, त्या जाडीला जांभळा आरपार जातो आणि तांबड्याकडचा मागे फिरतो, म्हणून पिवळट. यूव्ही-व्हिजिबल तर असेलच कॉलेजात. ट्रान्समिशनमध्ये ६०० जवळ उंचवटा आणि ४०० जवळ खळगा आला तर १५० पक्कं. त्यापेक्षा जास्त लाटा मिळणार नाहीत, कारण ३७५ च्या खाली फिल्म स्वतःच उजेड गिळते.

सडा_आणि_खाडी:
यूव्ही-व्हिजिबल आहे! ट्रान्समिशनमध्ये ६१० च्या आसपास उंचवटा आला होता, मुलांनी तो बँडगॅप काढून झाल्यावर सोडूनच दिला होता. आजच त्यांना बसवते. खूप आभार दोघांचे.

उमाळा:
अलिबागहून. निवृत्त केमिस्ट्री. वजनाने पण जाडी काढता येते, जुनी आणि खात्रीची पद्धत. ७.५ बाय २.५ सेंटीमीटरच्या स्लाइडवर १५० नॅनोमीटर फिल्म म्हणजे झिंक ऑक्साइडची घनता ५.६ धरून साधारण १.६ मिलिग्रॅम. चार दशांश स्थळांचा तराजू हे दाखवतो. फवारण्याआधी आणि नंतर वजन घ्यायचं, पंखा बंद, स्लाइड पूर्ण थंड झाल्यावर. फिल्म सच्छिद्र असेल तर ही जाडी कमी भरते, आणि ऑप्टिकलपेक्षा किती कमी भरते यावरून सच्छिद्रतेचाही अंदाज बांधता येतो.

क्लोराइडसाठी मात्र इतक्या महागड्या यंत्राच्या मागे का लागायचं? स्लाइड ५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवा, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका, पांढुरकं झालं की क्लोराइड. आमच्या पिढीने सगळं यावरच केलं.

निर्वात:
सर, सिल्व्हर नायट्रेटवर माझाही जीव आहे पण इथे ते पोचणार नाही, आकडे मांडून बघू. एक्सपीएसला दिसण्याइतकं क्लोरीन म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण १ वर १४ शून्यं एवढे अणू. स्लाइडचं क्षेत्रफळ १८ च्या आसपास. सगळं मिळून क्लोरीन भरतं ०.१ मायक्रोग्रॅम. ५ मिलीत ते विरघळलं तर ०.०२ पीपीएम (दशलक्षात इतके भाग). सिल्व्हर क्लोराइड स्वतःच लिटरला २ मिलिग्रॅमच्या जवळपास विरघळतं, आणि जादा चांदीमुळे ते कमी विरघळलं तरी इतका जरासा साका डोळ्याला दिसणारच नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ राहील आणि मुलं लिहितील क्लोराइड नाही. धुतलेल्या पाण्याचं आयन क्रोमॅटोग्राफीवर (पाण्यातले आयन वेगळे करून मोजणारं यंत्र) होईल.

उमाळा:
हिशोब तपासला. बरोबर आहे तुमचा. मग माझी सूचना बदलून देतो. हवेत किती मीठ आहे हे मोजायला वेट कँडल वापरा. ओल्या गॉझची वात, खाली बाटली, छपराखाली टांगायची, ठरावीक दिवसांनी बाटलीतलं क्लोराइड टायट्रेट करायचं. आयएसओ ९२२५ मध्ये पद्धत दिलेली आहे. तिथे मिलिग्रॅममध्ये क्लोराइड जमतं, माझं सिल्व्हर नायट्रेट तिथे चालेल. लॅबच्या खिडकीत एक आणि मागच्या बाजूच्या खोलीत एक लावा.

निर्वात:
हे उत्तम. नक्की करा मॅडम.

आता मूळ प्रश्नावर येतो, जरा लांबण लागेल. एक्सपीएस म्हणजे एक्सरे टाकून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजायचे. एक्सरे खोल जातात, पण आतले इलेक्ट्रॉन वाटेतच ऊर्जा घालवून बसतात, त्यामुळे आपल्याला कळतं ते फक्त वरच्या ५ ते १० नॅनोमीटरचं. काई सीगबान यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते या तंत्रासाठी. म्हणजे तुमच्या १५० नॅनोमीटर फिल्मच्या वरच्या सालपटाबद्दलच रिपोर्ट बोलतोय, त्याखालचं त्याला काही माहीत नाही. हे मुलांच्या मनात पक्कं बसवा, कारण 'फिल्ममध्ये सोडियम आहे' आणि 'फिल्मवर सोडियम आहे' यात तुमचा सगळा वाद अडकलाय.

तीन पक्ष म्हणालात त्यात चौथा मी घालतो, कॉम्प्रेसर. तो व्हरांड्यात समुद्राच्या बाजूला असेल तर खारी हवा ओढून फिल्म बनतानाच मीठ फवारत असेल. आता बघा, या चौघांच्या खुणा वेगवेगळ्या सापडायला हव्यात. साठवताना बसलेलं मीठ फक्त वर. बोटाचंही वरच, पण घामात सेंद्रिय पदार्थ असतात, त्यामुळे सोबत नायट्रोजन ४०० इलेक्ट्रॉन व्होल्टला दिसेल आणि कार्बनही वाढेल. कॉम्प्रेसरचं असेल तर पूर्ण जाडीभर. काचेतलं असेल तर खालून वर, आणि एकटं सोडियम, क्लोरीनशिवाय. साध्या स्लाइडच्या सोडा-लाइम काचेत सोडियम ऑक्साइड वजनाने १३-१४ टक्के असतं आणि ४२५ डिग्रीला ते स्वस्थ बसत नाही.

रिपोर्टमध्ये सोडियम आणि क्लोरीनचं प्रमाण काय दिलंय? आणि सोडियमची ओळख कुठल्या पीकवरून केलीय ते बघाल का?

पत्रेवाला_देवगड:
माका ह्या एक्सपीएस बिक्सपीएसातला काय कळणा नाय, पण मिठाचा मात्र सांगतंय. पत्रे लावण्याचा काम करून जन्म गेला. किनाऱ्याच्या घराचा पत्रा वरून आधी कुजत नाही, खालून कुजतो. पागोळीच्या आतल्या बाजूला, जिथे पाऊस पोचत नाही तिथे. वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, आतलं तसंच चिकटून राहतं. लोक वरून रंग काढतात आणि खालचं कुणी बघत नाही. पावसाळा संपला की नळी घेऊन गोड्या पाण्याने खालून धुवा, पत्र्याचं आयुष्य वाढतं.

उमाळा:
@पत्रेवाला_देवगड, हे फार मोलाचं निरीक्षण आहे आणि त्याला कारण पण आहे. मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की आपोआप पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे आपल्याकडे पत्र्याची आतली बाजू भर दुपारीसुद्धा खऱ्या अर्थाने कोरडी नसते. पत्र्यावर गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा असतो, त्या जस्तावर एरवी झिंक कार्बोनेटचा संरक्षक थर बसतो, क्लोराइड तो टिकू देत नाही. आणि जस्त तरी असतं किती, १२० जीएसएमचा पत्रा म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम, एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन.

पत्रेवाला_देवगड:
साडेआठ मायक्रॉन!! गिऱ्हाईक नुसती पत्र्याची जाडी विचारतं, जस्त किती हे कुणी विचारत नाही. उद्यापासून मी सांगणार.

तांबट_आळी:
मग कल्हईला पण थिन फिल्म म्हणायचं का? आमच्याकडे आजोबांपर्यंत धंदा होता. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर निघाला की कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात पसरायचं. बोळा जिथे थांबला तिथे डाग राहणार. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात सोलकढी ठेवली की हमखास कळकते.

उमाळा:
अर्थात म्हणायचं. कथील २३२ डिग्रीला वितळतं, नवसागर तांब्या-पितळेवरचा ऑक्साइड खाऊन पृष्ठभाग उघडा करतो, आणि मग तांबं आणि कथील यांच्या सीमेवर दोघांचं मिळून एक कडक संयुग तयार होतं. त्या सीमेवरच्या थरामुळे कल्हई धरून राहते, नुसतं वर कथील ओतून ते राहत नाही. नवसागर टाकायला उशीर केला की कल्हई सोलते, हे तुमच्या आजोबांना कुठल्याही यंत्राशिवाय ठाऊक होतं.

हर्णैकर:
जेट्टीवर डिझेल सांडलं की पाण्यावर जे सप्तरंगी तवंग दिसतात तेही हेच का? लहानपणापासून बघतोय, पसरत गेलं की रंग फिके होत होत शेवटी काहीच दिसत नाही, पण त्या जागी बारीक लाटा मात्र उठत नाहीत, पाणी गुळगुळीत राहतं.

कातळखोद:
हो दादा, तेच. रंग दिसतो तोवर जाडी काहीशे नॅनोमीटर. त्याहून पातळ झालं की रंग संपतात पण थर असतोच, आणि तुम्ही म्हणता ते गुळगुळीत पाणी त्याचीच खूण. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि अर्धा एकर पाणी शांत झालं, त्याचा निबंध १७७४ मध्ये छापून आला. चमचा आणि अर्धा एकर यांचा भागाकार केला तर जाडी २ नॅनोमीटरच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ एका रेणूची. फ्रँकलिनने तो भागाकार मांडला नव्हता.

शेवाळ:
यात ॲग्नेस पॉकेल्सचं नाव यायलाच हवं. जर्मनीतली मुलगी, विद्यापीठात जायला मिळालं नाही, घरच्या स्वयंपाकघरात पाण्याची परात आणि एक सरकती पट्टी घेऊन पृष्ठभागावरचा ताण मोजत बसायची. तिने लॉर्ड रॅलेला पत्र लिहिलं आणि त्याने ते १८९१ मध्ये नेचरमध्ये छापवून आणलं. पुढे लँगम्युअर आणि कॅथरिन ब्लॉजेट यांनी त्याच धाटणीच्या तबकात एकेक रेणूचे थर काचेवर चढवले, ब्लॉजेटबाईंनी १९३८ मध्ये न चमकणारी काच करून दाखवली. माझ्या लॅबमध्ये तबक आहे, रोज वापरते आणि रोज पॉकेल्स आठवते. कोकणातल्या कॉलेजातल्या मुलांनी घरगुती साधनांनी चांगलं मोजमाप करणं यात कमीपणा काही नाही, हे त्या दोघांना नक्की सांगा मॅडम.

वाफाळलेला:
चहावरची साय धरायची का यात? आमच्याकडे तिच्यावरून रोज वाद होतो.

शेवाळ:
धरायची. साय आली की वाफ कमी होते, चहा जास्त वेळ गरम राहतो. पृष्ठभागाचंच काम आहे ते, वाद चालू ठेवा.

सडा_आणि_खाडी:
वाचताना मजा येतेय. @निर्वात, रिपोर्ट परत काढून बघितला. तक्त्यात सोडियम हे क्लोरीनच्या जवळपास दुप्पट आहे. आणि ग्राफवर सॉफ्टवेअरने ४९७ ला सोडियम असं लेबल टाकलंय, १०७२ ला पण एक बारीक पीक आहे त्यालाही सोडियम लिहिलंय. क्लोरीन १९९ ला. ४०० ला नायट्रोजन काही दिसत नाही. कॉम्प्रेसर खरंच व्हरांड्यात आहे, समुद्राच्या बाजूलाच!

निर्वात:
४९७ चं लेबल खोडून टाका. ती जागा सोडियमच्या ऑजे पीकची (अणूतल्या दुसऱ्याच प्रक्रियेने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनची) आहे खरी, पण ॲल्युमिनियमच्या १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एक्सरेवर झिंकचं ऑजे पीक पण ४९८ च्या आसपासच येतं आणि तुमच्या फिल्ममध्ये झिंक ढिगाने आहे. ती उंच रेघ झिंकची. सोडियमसाठी भरवसा ठेवायचा तो १०७२ वर. तिथे पीक आहे म्हणताय, म्हणजे सोडियम आहे, फक्त किती ते १०७२ वरूनच काढलंय ना, एवढं त्यांना विचारून घ्या.

प्रमाण समजा खरंच दुप्पट असेल. समुद्राच्या पाण्यात अणूंच्या हिशोबाने क्लोरीन हे सोडियमच्या १.१६ पट असतं, म्हणजे क्लोरीनच जास्त. ताज्या खाऱ्या वाऱ्याने एवढं सोडियम एकट्याने येणार नाही, जास्तीचं काचेतून असू शकतं. पण दोन्ही पीकचे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या ऊर्जेचे असतात, १०७२ चे ४१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेऊन निघतात आणि क्लोरीनचे १२८८ घेऊन, त्यामुळे सोडियमची बातमी अगदी वरच्या थराची आणि क्लोरीनची जरा खोलची. गुणोत्तरावरून एकदम निकाल देऊ नका.

नायट्रोजन नाही म्हणजे पोरांची बोटं बहुतेक सुटली.

सडा_आणि_खाडी:
हे ऐकून दोघंही खूश होतील, असिस्टंटकाका रोज टोमणे मारत होते.

कातळखोद:
आर्गॉनने थर थर खरवडत डेप्थ प्रोफाइल घेतला तर एका दमात निकाल लागेल ना?

निर्वात:
मोह होतो, पण सोडियमसाठी मी टाळेन. आयनांचा मारा बसला की काचेतलं आणि फिल्ममधलं सोडियम स्वतःच सरकायला लागतं, आणि प्रोफाइलमध्ये दिसतं ते तुम्ही केलेल्या सरकवासरकवीचं चित्र. त्यापेक्षा नमुनाच तिरका करा. ६० अंश कलवला की बातमीची खोली निम्मी होते. कललेल्या मापात क्लोरीन वाढलं तर ते वर बसलेलं. आणि याहून स्वस्त म्हणजे साधे तुलनेचे नमुने. एक फिल्म अर्धी दुहेरी डिस्टिल्ड पाण्यात धुवा, अर्धी तशीच ठेवा. एक फिल्म त्याच दिवशी त्याच कॉम्प्रेसरने सिलिकॉनच्या तुकड्यावर करा, सिलिकॉनमध्ये सोडियम नाही. एक कोरी स्लाइड नुसती ४२५ ला तापवून काढा. आणि सिलिकॉनचा एक कोरा तुकडा लॅबच्या टेबलावर उघडा ठेवा. यंत्राचा वेळ कमी लागतो आणि प्रत्येक नमुना एकच प्रश्न विचारतो. मुंबईच्या आयआयटीतल्या सैफ या तपासणी केंद्रात बाहेरच्या कॉलेजांचे नमुने घेतात, युजीसी-डीएई केंद्राकडे पण प्रस्ताव पाठवता येतो.

धुताना एक जपायचं, झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं, त्यामुळे पाणी आम्लधर्मी नको आणि वेळ अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको.

शेवाळ:
आणि नमुने पाठवताना झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालू नका, चिकटपट्टी लावू नका. त्यातलं सिलिकोन (सिलिकॉन असलेलं तेलकट द्रव्य) पृष्ठभागावर चढतं आणि मग रिपोर्टमध्ये सिलिकॉन दिसलं की काच उघडी पडली असं वाटतं. झाकणाची काचेची पेट्री डिश, चिमट्याने फक्त कोपऱ्याला धरायचं, आणि डब्यात सिलिका जेल. निळं जेल आपल्याकडे पावसात बघता बघता गुलाबी होतं, ओव्हनमध्ये तापवून परत निळं करून घ्यायचं.

कातळखोद:
हार्डनेसचं राहिलंच की. मॅडम, व्हिकर्स नको. तिथला खळगा मायक्रॉनच्या खोलीचा होतो, फिल्म १५० नॅनोमीटर, तुम्ही काचेचा हार्डनेस मोजून याल. नॅनोइंडेंटेशनला (तसंच, पण अतिशय बारीक टोक अगदी हलकं दाबून) पण साधारण नियम असा की खोली जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवी, म्हणजे १५ नॅनोमीटर. स्प्रेच्या फिल्मचा खडबडीतपणाच तेवढा असतो. ऑलिव्हर आणि फार यांची १९९२ ची रीत सगळे वापरतात, पण तीही खडबडीत पृष्ठभागापुढे हात टेकते. एक्स्टर्नलना सरळ सांगा की या जाडीला हार्डनेसचा आकडा अर्थपूर्ण नाही, आणि का नाही ते मुलांना बोर्डावर मांडून दाखवू दे. हवं तर वेगळी, मायक्रॉनभर जाडीची फिल्म करा.

चिरेबंदी:
हार्डनेसवरून सांगतो, आमची चिरेखाण आहे लांज्याकडे. जांभा खाणीतून काढला की ओला असतो तेव्हा कोयत्याने पण तासता येतो, उन्हावाऱ्यात पडला की वरून कडक होतो. म्हणून गवंडी ताज्या चिऱ्याला आकार आधी देऊन घेतो. हे पण पृष्ठभागाचंच ना?

उमाळा:
होय. ओल जाते आणि लोहाचे हायड्रॉक्साइड सुकून स्फटिकरूप धरतात, दाणे एकमेकांना घट्ट धरतात. तुमच्याकडे ताजा आणि मुरलेला चिरा एकाच खाणीतला मिळेल, पुढच्या बॅचला तोच प्रोजेक्ट द्या मॅडम. व्हिकर्सपेक्षा साधा स्क्रॅच टेस्ट, कडेपासून आत आत जात.

सडा_आणि_खाडी:
मंडळी, थोडं उशिरा आले, पण निकाल घेऊन आले. नमुने @निर्वात यांनी सांगितले तसेच केले, पेट्री डिशमध्ये पाठवले.

काचेवरची न धुतलेली अर्धी बाजू: सोडियम आणि क्लोरीन दोन्ही. धुतलेली अर्धी बाजू: क्लोरीन दिसेनासं झालं, सोडियम कमी झालं पण उरलं. सिलिकॉनवरची फिल्म, धुतलेली: दोन्ही नाहीत. नुसती तापवलेली कोरी स्लाइड: सोडियम भरपूर. टेबलावर ठेवलेला कोरा सिलिकॉन: सोडियम, क्लोरीन दोन्ही, आणि तिथे क्लोरीन जरासं जास्त. तिरकं करून घेतलं तेव्हा न धुतलेल्या बाजूचं क्लोरीन वाढलं. सोडियम सगळीकडे १०७२ वरूनच काढून घेतलंय.

साध्या सावकाश स्कॅनमध्ये ००२ छान उठून आली, ग्रेझिंगमध्ये खरंच बारीक झाली. उंचवटा आणि खळगा दोन्ही धरून जाडी १५२ आली, वजनाने १३०.

निर्वात:
किती स्वच्छ निकाल! म्हणजे क्लोरीन साठवताना खाऱ्या हवेतून वर बसलं, आणि सोडियमचे दोन रस्ते, थोडं त्याच मिठातून आणि उरलेलं काचेतून. सिलिकॉनवरच्या धुतलेल्या फिल्ममध्ये काहीच नाही म्हणून कॉम्प्रेसर निदान एक्सपीएसला दिसेल इतकं मीठ फवारत नव्हता. तरी त्याला आतल्या खोलीत हलवा, वादळी दिवसांत काय ओढेल सांगता येत नाही.

फिल्मच्या आत सोडियम आहे हे लपवू नका, प्रबंधात ठळक लिहा. झिंक ऑक्साइडच्या विद्युत गुणांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून रेझिस्टन्सची मापं काचेवरच्या आणि क्वार्ट्झवरच्या फिल्मची वेगवेगळी द्या.

उमाळा:
१५२ आणि १३०, म्हणजे सुमारे १४ टक्के पोकळी. स्प्रेच्या फिल्मला शोभेल असा आकडा. ऑप्टिकल जाडीसाठी इंडेक्स २ धरलात, पोकळी असेल तर इंडेक्स थोडा कमी होतो आणि जाडी आणखी जास्त येते, ती दुरुस्ती मुलांकडून करून घ्या. वेट कँडलचं काय झालं?

सडा_आणि_खाडी:
लावलीय सर, खिडकीतली आणि मागच्या खोलीतली. टायट्रेशन मुलं पुढच्या आठवड्यात करतील.

पत्रेवाला_देवगड:
मॅडम, माझ्याकडे एकाच छपराचे दोन तुकडे आहेत, एक वरच्या उघड्या भागाचा आणि एक पागोळीच्या आतला. देवगडच्या खाडीकाठच्या घराचे. पाठवू का? जस्त किती उरलंय ते बघायला मिळेल.

सडा_आणि_खाडी:
नक्की पाठवा दादा. फक्त पुसू नका, धुऊ नका, कोरड्या कागदात गुंडाळून द्या. आणि कुठला तुकडा कुठला ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा, मार्कर नको.

शेवाळ:
कागद साधा पांढरा घ्या दादा, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लागू देऊ नका, वेगवेगळे गुंडाळा.

पत्रेवाला_देवगड:
बरा. सोमवारच्या एसटीने देतंय.